विश्लेषण : साखळदंड गेले, ‘उचल’ राहिली... नाटकांनी दाखवलेली गुलामी ऊसतोडीत कशी ओळखायची?

अमेरिकेतील गुलामगिरीवरची हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यावरून झालेल्या नाटकांमुळे माणसांची खरेदी-विक्री लोकांनी रंगमंचावर पाहिली. मराठीत हे काम कुणी केले आणि बीड जिल्ह्यात ते आज का आठवावे?

मराठीत काय लिहिले गेले?

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३मध्ये प्रसिद्ध झाले. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला त्यांनी ते अर्पण केले. शूद्रातिशूद्रांची अवस्थाही गुलामीच आहे, हे त्यांनी धोंडीबाशी झालेल्या संवादातून मांडले.

रंगभूमीने काय दाखवले?

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) कांचनभट पैशांसाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’त पत्रकार बाजारातून बाई विकत आणतो. १९८१मधील खऱ्या घटनेवर ते बेतलेले आहे. ‘तुला कितीला घेतले,’ असे कमला पत्रकाराच्या बायकोलाच विचारते. दोन्ही नाटकांनी माणसाला लावलेली किंमत प्रेक्षकांसमोर ठेवली.

ऊसतोडीशी संबंध काय?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. गेवराई तालुक्यातील उमापूरमध्ये ‘उचल’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे आणि ते ऊस तोडून फेडायचे. नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक ‘कोयता’ ठरते. म्हणजे वहीत माणसाच्या जागी अवजार येते. खाडा झाला की पैसे कापले जातात. फिटले नाही, तर पुढच्या हंगामातही जाणे भाग पडते.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण उचलीपोटी दुसरीकडे काम करण्याचे किंवा निघून जाण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ती वेठबिगारीच. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते. सक्ती करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग अडते कुठे?

ओळखण्यात. ‘पैसे घेतलेत, फेडले पाहिजेत,’ असे कामगारालाही वाटते आणि गावालाही. इथे लिलाव नाही, साखळदंड नाहीत. त्यामुळे कायदा असूनही तक्रार होत नाही. नाटकाची गरज इथेच आहे. उद्याच्या मराठी नाटकाने मुकादमाची वही रंगमंचावर उघडावी आणि हा प्रयोग दसऱ्याआधी, उचल हातात पडण्यापूर्वी, गावात व्हावा.