मताला बाई चालते, ठरावाला का नाही?



विधानसभेची निवडणूक होऊन गेली, तरी एक वाक्य अजून कानावर येतं. चाकणच्या चौकात ऐका, कंपनीच्या बसमध्ये ऐका, नाहीतर आपल्या वाडीतल्या पारावर ऐका: “लाडक्या बहिणींनी सरकार आणलं.” कोणी कौतुकाने म्हणतं, कोणी नाक मुरडून. नाक मुरडणाऱ्यांचं म्हणणं असं, की बाई दीड हजारांना विकली गेली.

हे बोलणं आपण आधीच बाजूला ठेवू. ज्या घरात दीड हजारात महिन्याचं तेल-मीठ येतं, त्या घरच्या बाईला अक्कल शिकवायचा अधिकार कोणाला नाही. कारखान्याला सरकार सवलती देतं, जमीन मिळवून देतं, तेव्हा मालक विकला गेला असं कोणी म्हणत नाही. मग बाईलाच का म्हणायचं?

आपला प्रश्न वेगळा आहे. पैसे देणाऱ्याने आणि मत मागणाऱ्याने बाईला जमिनीबद्दल काय विचारलं? जंगलाबद्दल काय विचारलं? काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही फारसं विचारलेलं नाही.

मत देण्यात बाई मागे राहिली नाही, हे आकडे सांगतात. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत देशात १०० पैकी ६३ पुरुषांनी मत दिलं, बायांपैकी फक्त ४७ जणींनी. २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला बाया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला पुरुषांचं मतदान ६७ टक्क्यांच्या आसपास, बायांचं ६५ च्या वर. म्हणजे रांगेत आपण बरोबरीने उभ्या आहोत. आता निवडून कोण आलं ते बघा. २८८ आमदारांत बाया २१. आधीच्या विधानसभेत २४ होत्या. मतं वाढली, खुर्च्या कमी झाल्या! लोकसभेला महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ जणी. संसदेने २०२३ साली एक तृतीयांश जागांचा कायदा केला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार. तोवर वाट बघा.

आपल्या पट्ट्यातल्या बाईचं मत तर वाटेतच अडतं. आंबेगावची, जुन्नरची, खेडच्या पश्चिम भागातली किती कुटुंबं आज खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, भोसरी, चिखली इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात! बाई पॅकिंगला, नाहीतर साफसफाईला, ठेकेदाराच्या हजेरीवर. नाव गावच्या यादीत, नाहीतर अजून माहेरच्या यादीत. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा लोकसभा-विधानसभेला कायद्याने हक्क आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. पण ठेकेदार म्हणतो, जायचं तर जा, खाडा पडेल. एक खाडा, वर एसटीचं भाडं, वर पोरांचं बघायचं. मग घरातून एकानेच जायचं ठरतं आणि तो एक बहुतेक वेळा पुरुष असतो.

आता प्रतिनिधित्वाकडे या. पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ साली झाली. २०१७ च्या निवडणुकीत १२८ जागा होत्या, त्यातल्या ६४ बायांच्या. निम्म्या! २०१४ मध्ये महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव निघालं आणि शकुंतला धराडे महापौर झाल्या. ज्या शहरात आपली माणसं मजुरी शोधत आली, त्या शहराच्या पहिल्या खुर्चीवर आपल्यातली बाई बसली. ही गोष्ट लहान नाही. आरक्षण नसतं तर ती घडली नसती.

पण खुर्ची राखीव असून भागत नाही, हेही याच शहराने दाखवलं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडे. निम्म्या खुर्च्या बायांच्या खऱ्या, पण खुर्च्याच उचलून ठेवल्या तर बसायचं कुठे? विधानसभेचं तसंच. चिंचवडला २०२३ च्या पोटनिवडणुकीत अश्विनी जगताप आमदार झाल्या, त्या पतीच्या निधनानंतर. २०२४ ला उमेदवारी त्यांच्या दिरांना मिळाली. दोष त्या बाईंचा नाही. आपल्याकडच्या पक्षांत बाईची जागा बहुधा घराण्याच्या खात्यावर जमा असते, तिच्या स्वतःच्या नावावर नसते. आपला सातबारा पाहा, तिथेही हेच दिसेल.

“राखीव जागेवरची बाई नुसती सहीची धनी, कारभार नवऱ्याचा,” हे आपण रोज ऐकतो. काही गावांत ते खरंही आहे. पण त्यावरून आरक्षण फुकट गेलं असं म्हणणाऱ्यांनी अभ्यास काय सांगतात तेही ऐकावं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ पंचायती तपासल्या. तिथे प्रमुखपद कुठल्या पंचायतीत बाईला द्यायचं हे ठरलेल्या क्रमाने होत होतं, म्हणून तुलना खरी झाली. दोन्हीकडे बाई प्रमुख असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. उदयपूरला रस्ता ही पुरुषांची मागणी होती, तिथे रस्त्यावरचा खर्च कमी झाला. बीरभूमला रस्ता बायांनाच हवा होता, तिथे तो वाढला. म्हणजे बाया ज्याची तक्रार करत होत्या, तिकडे पैसा वळला. ज्यांना सहीची धनी म्हणतात त्यांच्याच हातून हे झालं.

बंगालमध्येच पुढे आणखी एक प्रयोग झाला. गावकऱ्यांना पुढाऱ्याचं एक भाषण टेपवर ऐकवलं. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या आवाजात. भाषण तेच, अक्षर न् अक्षर तेच. ज्या गावांनी बाई प्रधान कधी पाहिलीच नव्हती, तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. ज्या गावांनी बाई प्रधान पाहिली होती, तिथे हा फरक उरला नाही. मात्र राखीव नसलेल्या जागेवरही बाया जास्त निवडून यायला लागल्या त्या लागोपाठ दोन मुदती आरक्षण राहिलं अशाच ठिकाणी. आपल्या मुंबई महापालिकेचा अभ्यास रिखिल भावनानी यांनी केला. १९९७ ला जे वॉर्ड बायांना राखीव होते आणि २००२ ला खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या पाचपट निघाली.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. बाई पाच वर्षं काम शिकते, तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार ओळखीचे होतात, आणि मग जागा फिरते. गावाला तिला पुन्हा निवडायची किंवा पाडायची संधीच येत नाही. एकदा गादी, पुढे माती. म्हणून जे फिरत नाही त्याच्यावर आपण भर दिला पाहिजे.

फिरत नाही ती ग्रामसभा. आणि न फिरणारा आपला सगळ्यात मोठा आधार वनहक्क कायदा आहे, २००६ चा. अनुसूचित क्षेत्र पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या काही गावांपुरतं आहे. खेड आणि मावळचे आपले लोक त्याच्या बाहेर राहिले, पेसा त्यांना लागत नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागतो. त्यात तीन गोष्टी बायांसाठी लिहिलेल्या आहेत. एक, वनहक्क समितीत कमीत कमी एक तृतीयांश बाया. दोन, वनहक्काच्या ग्रामसभेला गावच्या सभासदांपैकी निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तीन, लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर.

पंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेचं आपल्याला माहीत आहे. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग चार माणसांत ठराव! वनहक्काच्या सभेत ही पळवाट चालू देऊ नका. बाया नसतील तर ती सभाच नाही.

एक तृतीयांशच का, एक बाई का पुरत नाही? बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या गावच्या वनसमित्या अभ्यासल्या. समितीत एकटीदुकटी बाई असली की ती बोलत नाही. बायांचं प्रमाण पाव ते एक तृतीयांश झालं की त्या सभेला यायला आणि बोलायला लागतात. हे आपल्याला पुस्तकाशिवायही कळतं. आठ गड्यांत एक बाई बसली तर ती पदर सावरते आणि चहाकडे बघते. तिच्यासोबत तिघी असल्या की ती विचारते, “आमच्या सरपणाच्या वाटेचं काय?”

जमीन आणि प्रतिनिधित्व एकत्र जोडायचा विचार याच मातीत पूर्वी झालेला आहे. शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायचे, कांद्याचं आंदोलन चाकणलाच उभं राहिलं. त्याच शेतकरी संघटनेचं १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन झालं. बायांनी पंचायतीच्या निवडणुका लढवायच्या असा विचार तिथून पुढे आला, आणि मग लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम, म्हणजे नवऱ्याने आपखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. तेव्हा आरक्षणाचा पत्ता नव्हता. पण तो कार्यक्रम जमीन नावावर असलेल्यांचा होता. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाईचा नवरा काय देणार, त्याच्याच नावावर कागद नाही! म्हणून आपला रस्ता उलटा आहे. आपला पहिलाच कागद दोघांच्या नावाने निघाला पाहिजे. नंतर दुरुस्ती करू म्हणून चालणार नाही.

आता आपल्याच घरातलं बोलू. मोर्च्यात बाया कुठे असतात? पुढच्या रांगेत. पोलीस आले की कार्यकर्ते ओरडतात, बायांना पुढे घ्या. ९ ऑगस्ट २०११ ला, ऐन आदिवासी दिनाला आणि क्रांतिदिनाला, मावळात बऊरला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले. ते पाणी पिंपरी-चिंचवडला जाणार होतं. गोळीबारात तिघे गेले, त्यात एक बाई होती. गोळी झेलताना बाई चालते. मग समितीत नाव घालताना का चालत नाही? दावा अडला की तहसीलवर धरण्याला बाया, आणि जागेची मोजणी करायला माणसं आली की बोलणी पुरुषांची. प्रोसिडिंगची वही काढून बघा. बायांचे अंगठे शेवटच्या पानावर, तेही सभा उठल्यावर घरोघरी फिरून घेतलेले.

“बाया येत नाहीत,” असं सांगितलं जातं. सभा संध्याकाळी सातला, चुलीच्या वेळेला, आणि जागा देवळाच्या ओट्यावर, जिथे सासरे-दीर बसलेले. कशा येतील? “बायांना कायदा कळत नाही,” असंही म्हणतात. कुठल्या वाटेने जळण आणतो, कुठल्या ओहोळाला उन्हाळ्यात पाणी असतं, वनखात्याने कुठे खांब रोवला, हे पुराव्याचं सगळं ज्ञान बाईकडे आहे. दाव्याला लागतो तो पुरावा हाच.

दीड हजाराचा आणि पट्ट्याचा फरक इथे आहे. योजनेची बाई लाभार्थी असते. छाननी झाली, नियम बदलला, की यादीतून नाव उडतं. २०२५ मध्ये कितीतरी जणींची उडाली. पट्ट्यावरची बाई हक्कदार असते. तिचं नाव सहजासहजी खोडता येत नाही. पैसे मिळत असतील तर जरूर घ्या. पण मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या दाव्यांचं काय केलंस? दोघांच्या नावाने किती पट्टे निघाले?

तेव्हा या वर्षी एवढं करू.

पुढच्या वनहक्क सभेत हजेरी घेताना बाया वेगळ्या मोजायच्या. एक तृतीयांश नसतील तर पुरुषांनीच उठून सांगायचं, आज ठराव नाही.

सभा दुपारी ठेवायची, वाडीत ठेवायची. पंचायतीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी असं कायद्यात आहे, ती घ्यायला लावायची. तिचे ठराव मुख्य सभेत वाचायचे.

चाकण, भोसरी, चिखलीत राहणाऱ्या बहिणींनी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा आधीच ठरवून ठेवाव्यात. ठेकेदाराशी एकटीने बोलू नये, पाच-सात जणींनी मिळून बोलावं. मतदार यादीत नाव कुठे ठेवायचं हेही घरातल्या पुरुषाने परस्पर ठरवू नये.

आणि प्रत्येक जुना दावा उघडून बघायचा. अर्जावर बायकोचं नाव नसेल तर आत्ताच घालायचं. विधवा, टाकलेली, एकटी बाई असेल तर तिचा दावा तिच्याच नावाने.

वरच्या सभागृहात बायांना जागा कधी मिळतील ते दिल्ली ठरवेल. आपल्या ग्रामसभेत किती बाया बसतील हे ठरवायला दिल्लीची गरज नाही. तिथे आडवे येणारे आपलेच आहेत, आणि त्यांना वळवायचं कामही आपलंच आहे.

जमिनीच्या कागदावर बाईचं नाव, ठरावाच्या वहीत बाईची सही!

जिंदाबाद!