पाटीवर भावाचे नाव, मशीनवर बहीण

तालुक्याच्या गावांतून हल्ली एक नव्या तऱ्हेचे दुकान दिसते. पाटीवर 'बुटीक', काचेत दोन शरारे आणि एक अनारकली, आत सख्खी भावंडे. बहीण शहरातून ड्रेस डिझायनिंगचा कोर्स करून आलेली, भाऊ बापाच्या शिलाईच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला. नोकरीसाठी मुंबई गाठण्याऐवजी स्वतःच्या गावात दुकान टाकणाऱ्या या मुलामुलींचे आम्ही स्वागतच करतो.

अशी दुकाने चालतात ती मापावर. तयार कपडा मोबाईलवरून घरपोच येतो, स्वस्तही पडतो, पण बाही लांब झाली तर ती कापून देणारा कोणी त्याच्याबरोबर येत नाही. गावातल्या बायकांना मापे घ्यायला बाई हवी असते. ती इथे मिळते, हेच या दुकानाचे खरे भांडवल. जरदोजीचा, आरीचा कारीगर हाताशी असेल तर लग्नाचा जोडा बाहेरून आणावा लागत नाही, मजुरी गावातच राहते.

अडचणी नाहीत असे नाही. गावच आपले म्हटल्यावर उधारी आली. मावशी, खाला, शेजारीण, प्रत्येकीला 'घरचा भाव' हवा. चांदरातीपर्यंत कपडा नेतात आणि पैसे बकरी ईदला देतात. शिवाय ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे माल भरताना पुष्कळ जण विसरतात. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैला, भर पावसात होती. २०२५ साली ती ३१ मार्चच्या उन्हात आली आणि २०३० साली फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडीत येईल. लॉन आणि मलमलचे तागे भरून ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के दर लागला. नोंदणी असलेल्या दुकानाने नवरीच्या जोड्याचा भाव सांगताना हा कर आधीच धरावा, मागाहून मागितला की तोंडे वाकडी होतात.

पण आम्हास बोलायचे आहे ते निराळेच. आमच्या पाहण्यात असे एक दुकान होते. गाळा भावाच्या नावे, बँकेचे खाते भावाचे, परवानाही त्याचाच. डिझाइन, कटिंग, गिऱ्हाइकांशी बोलणे सारे बहिणीचे. सहा वर्षे दुकान छान चालले. मग तिचे लग्न ठरले. निघताना तिने हिशेब विचारला, तर घरात सगळे गप्प. वडील म्हणाले, "बेटा, तुझ्या लग्नाचा खर्च भाईजाननेच केला ना?" भाऊ वाईट नव्हता. तिचा वाटा असतो हे त्याच्या मनातच कधी आले नव्हते. आज दुकानात दुसरी डिझायनर पगारावर आहे. तिला दर महिन्याला मिळते ते बहिणीला सहा वर्षांत एकदाही मिळाले नव्हते.

'घरात कसले कागद?' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. देणेघेणे लिहून ठेवा ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते, पण ती परक्यासाठीच आहे असे आपण धरून चालतो. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की करारात काही ठरलेले नसेल तर नफातोटा समसमान, आणि कामाचा वेगळा मोबदला कोणाही भागीदाराला नाही. म्हणजे दिवसरात्र मशीनवर बसणाऱ्या बहिणीला पगार हवा असेल तर तो करारातच लिहायला हवा. तोंडी भागीदारीही कायद्याला चालते, पण ती सिद्ध करायची कशी? फर्मची नोंदणी सक्तीची नाही हे खरे, तरी ती नसेल तर कराराच्या हक्कासाठी भागीदारावर किंवा उधारी बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी उरते, आणि भावाबहिणीत तिथपर्यंत कोण जाते?

म्हणून दुकानाची पाटी रंगवायला देण्याआधी भावंडांनी वकिलाकडे एक दुपार घालवावी. भांडवल कोणाचे किती, दरमहा उचल किती, बहीण लग्न होऊन परगावी गेली तर तिचा हिस्सा कोणत्या हिशेबाने आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे लिहावे. भावाची बायको दुकानात बसू लागली तर काय, हेही लिहावे. बँकेचे खाते फर्मच्या नावे काढावे आणि चेकवर दोघांच्या सह्या ठेवाव्यात.