लखोबाला दार कोणी उघडलं?

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मागच्या सुट्टीत पुणतांब्याला आला तेव्हा रात्री मोबाईलवर 'सॉल्टबर्न' लावून बसला. एमराल्ड फेनेल या बाईंचा २०२३ चा इंग्रजी चित्रपट. ऑक्सफर्डमधला ऑलिव्हर नावाचा मुलगा श्रीमंत मित्राला सांगतो की बाप मेला, आईबाप दोघं व्यसनी होते. मित्र हळहळतो आणि उन्हाळ्यात त्याला आपल्या वाड्यावर घेऊन जातो. पुढे कळतं की बाप जिवंत आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. तोवर उशीर झालेला असतो. शेवटी माणसं संपतात आणि वाडा ऑलिव्हरचा होतो.

"मामू, तो मेंटल आहे. कम्पल्सिव्ह लायर," भाचा म्हणाला. माझं भांडण या शब्दाशी आहे.

खोटं बोलण्याच्या विकृतीचं वर्णन डेलब्रुक नावाच्या जर्मन भाषेतल्या डॉक्टराने १८९१ मध्ये केलं. त्याचे रोगी काही फायदा नसताना थापा मारायचे, कधी स्वतःचंच नुकसान करून घ्यायचे. ऑलिव्हरची एक थाप सांगा जी फुकट गेली! प्रत्येक थापेवर त्याने काही ना काही वसूल केलंय. असल्या माणसाला रोगी ठरवलं की दोन माणसं सुटतात. एक तो स्वतः, आणि दुसरा त्याला पाट मांडून बसवणारा यजमान. मला राग या दुसऱ्याच्या सुटण्याचा आहे.

आपल्याकडे हे सगळं १९६२ सालीच रंगमंचावर येऊन गेलं. माधव काझीच्या खटल्यावरून आचार्य अत्र्यांनी 'तो मी नव्हेच' लिहिलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकामागून एक सोंगं बदलायचे आणि प्रेक्षक खूश व्हायचे. त्या खुशीत एक प्रश्न राहून गेला. त्या बायकांच्या घरच्यांनी काय पाहून लग्नं लावून दिली? हुद्दा, पोशाख, तोंडातली सफाईदार भाषा. लखोबाला कुलूप फोडावं लागलं नाही, दार आतून उघडलं गेलं. आणि आपण साठ वर्षं 'काय बेरकी माणूस' म्हणत त्याच्याच नावाने टाळ्या वाजवतोय. फसलेल्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला पटकन आठवतं का?

'सॉल्टबर्न'मध्ये पामेला नावाची एक बाई आहे. ऑलिव्हरच्या आधीची पाहुणी. तिचं संकट खरं असतं, पण घराला तिचा कंटाळा आलेला असतो. तिला वाटेला लावतात. नंतर ती मेल्याची बातमी येते, तेव्हा वाड्याची मालकीण म्हणते की लोकांचं लक्ष वेधायला ती काहीही करायची. ऑलिव्हरच्या खोट्या दुःखाला त्याच घरात खोली, कपडे, जेवण. खरं बोलणारी बाहेर आणि रंगवून सांगणारा आत. माझ्या मते चित्रपट इथे आहे, पण चर्चा सगळी शेवटच्या नागड्या नाचाची.

हे वाक्य पुणतांब्याला नवीन नाही. १ जून २०१७ ला आमच्या गावातून शेतकऱ्यांचा संप उठला, दूध-भाजी शहरात जायची थांबली, तेव्हा 'नाटकं करतात', 'प्रसिद्धी पाहिजे' हे आम्ही ऐकलंय. त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. मग ऑनलाइन अर्ज, आधार, रांगा. आपण कर्जात आहोत हे शेतकऱ्याने कागदावर सिद्ध करायचं. हरकत नाही, सरकारी पैशाला हिशोब हवाच. पण एवढी छाननी आपण सुटाबुटातल्या पाहुण्याची कधी करतो?

आमच्या भागातल्या एका बागायतदाराच्या घरची गोष्ट. मुलीला स्थळ आलं, मुंबईत क्लास वन अधिकारी. गाडी, गॉगल, इंग्रजी. चार लोकांनी पाहिलं, सुपारी फुटली, पत्रिका छापल्या. ऑफिसात जाऊन विचारावं असं कोणाला वाटलं नाही. विचारणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, आणि उद्या स्थळ हातचं गेलं तर? शंका काढली ती फक्त सालगड्याने. "मालक, या साहेबाला मी श्रीरामपूरच्या स्टँडवर एजंटाच्या मागं फिरताना पाह्यलंय." त्याला सगळ्यांदेखत झापलं. तुला काय कळतं रे अधिकाऱ्यातलं?

लग्नाआधीच साहेब गायब झाला, आठ तोळे आणि उसनी रक्कम घेऊन. मुलीचं पुढचं वर्ष घराच्या आतच गेलं. तिची काय चूक होती, हे मला कोणी समजावून सांगावं. मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर बैठक बसली होती. कोणी म्हणालं, लखोबा निघाला. कोणी म्हणालं, डोक्याने आजारी असणार, नाहीतर माणूस इतकं खोटं कसं बोलेल? सगळ्यांनी मान डोलावली. चहा आला.

सालगडी गोठ्यात शेण भरत होता. त्याला कोणी काही बोललं नाही, तोही काही बोलला नाही. पाडव्याला त्याने दुसऱ्याचं साल धरलं.