गृहवैद्यक : बरें दिसणें आणि बरें होणें

एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या जावेच्या चार वर्षांच्या मुलास तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. महिनाभराच्या उपचारांनीं ताप गेला, अंगावरचे निळे डाग मावळले, मूल खेळूं लागलें. आतां घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पोर बरें झालें, आणखी दोन वर्षें हीं जहाल औषधें कशाला?" मुलाच्या आईचें मन द्विधा झालें आहे.

वडिलांचा कळवळा आम्ही जाणतों. परंतु त्यांचा हा सल्ला घातक आहे. रोग ओळखला जातो तेव्हां मुलाच्या शरीरांत सुमारें एक लाख कोटी रोगट पेशी असतात. महिन्याभरानें सूक्ष्मदर्शकाखालीं अस्थिमज्जा स्वच्छ दिसली, तरी त्यांपैकीं कोट्यवधि पेशी दडून राहूं शकतात. औषध थांबलें कीं त्या पुन्हां वाढतात, आणि परतलेला रोग पहिल्याहून हट्टी असतो.

हा धडा वैद्यकानें मोठी किंमत देऊन घेतला आहे. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनीं अमिनॉप्टेरिन हें औषध १६ मुलांना देऊन पाहिलें व त्याचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध केला. आंध्रांत जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत तें औषध सिद्ध झालें होतें. १० मुलांना उतार पडला. पण तो बहुधा कांहीं महिन्यांचाच ठरला.

पुढें १९६२ पासून मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयांत डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनीं निराळा मार्ग धरला. अनेक औषधें मिळून द्यावयाचीं, मेंदूभोंवतीं दडणाऱ्या पेशींचाही बंदोबस्त करावयाचा, आणि मूल ठणठणीत दिसलें तरी दोन-तीन वर्षें उपचार चालू ठेवावयाचे. १९७० च्या सुमारास या मार्गानें निम्मीं मुलें बरीं होऊं लागलीं. आज संपन्न देशांत शंभरांपैकीं सुमारें नव्वद मुलें पांच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्याकडे हें प्रमाण कमी आहे. निदानास होणारा उशीर आणि जंतुसंसर्ग हीं त्याचीं कारणें आहेतच. पण उपचार अर्ध्यावर सोडणें हेंही एक मोठें कारण आहे, आणि तें टाळणें घरच्यांच्याच हातीं आहे.

तेव्हां घरांत काय करावें? गोळ्यांचें वेळापत्रक भिंतीवर लावावें, व तें एकाच जबाबदार माणसानें सांभाळावें. मर्कॅप्टोप्युरीन बहुधा रोज, तर मेथोट्रेक्झेट आठवड्यांतून एकदांच असतें. यांतील चूक जिवावर बेतते. ताप आल्यास सकाळची वाट न पाहतां, रात्रींसुद्धां, तत्काळ रुग्णालय गांठावें. रोग सांसर्गिक नाहीं, म्हणून भावंडांना दूर ठेवूं नये. मात्र गोवर-कांजिण्यांपासून मुलास जपावें. डॉक्टरांस विचारल्यावांचून दुसरें कोणतेंही औषध देऊं नये. खर्चाची अडचण असेल, तर रुग्णालयांतील समाजसेवकांस ती निःसंकोच सांगावी.

भगिनींनीं हा मजकूर घरांतील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावा. नातवाचें हसरें तोंड पाहून औषध थांबविण्याचा मोह होईल, त्या दिवशीं आजोबांनींच सुनेस म्हणावें, "उद्यां रुग्णालयांत जावयाचें आहे, विसरूं नकोस." दोन वर्षांचा हा नेम त्यांनीं पाळविला, तर मुलाला त्याहून मोठा आशीर्वाद तो कोणता?