ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर!



निपाणीच्या तंबाखूने आपल्यापैकी कित्येकांचे वाडे उभे केले, मुले पुण्या-मुंबईला शिकवली. वखारीत तोंडाला पदर बांधून ती तंबाखू चाळली कोणी? बायकांनी! 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या साथीने याच बायका संघटित होऊन मालकांपुढे उभ्या ठाकल्या. आज त्यांच्या लेकी-सुना सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या आहेत, हातात आधार कार्ड आणि तोंडात आर्जव घेऊन.

ऑगस्ट 2023 पासून ‘गृहलक्ष्मी’चे महिना 2000 रुपये बाईच्या नावावर सुरू झाले. चांगलेच झाले. पण नोंद संगणकावर, आणि ओटीपी जातो घरातल्या एकुलत्या मोबाइलवर. तो असतो नवऱ्याच्या खिशात. काल रात्री ज्याने हात उचलला, किल्लीही त्याच्याच हाती! यल्लम्माला सोडलेल्या बाईचे हाल तर विचारूच नका. देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने 1982 साली केला, तरी हक्काच्या पेन्शनसाठी चारचौघांत आपली कहाणी सांगायची पाळी तिच्यावर येते.

घरगुती छळाविरुद्धचा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये लागू झाला. त्याच्या नियमांत स्पष्ट आहे की, तातडीच्या प्रसंगी फोनवरून वा ई-मेलने खात्रीची खबर मिळाली तरी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेतलीच पाहिजे. म्हणजे एक ई-मेल जीव वाचवू शकतो. पण तो पाठवायचा कोठून? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात शंभरात 33 निघाल्या, पुरुष 57.

यावर आमची जुनी मंडळी म्हणतात, “बायकांना संगणक कशाला? घरे मोडतील.” अहो, घर मोडते ते मारहाणीने! दुसरे म्हणतात, “सरकार बघेल.” केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर मराठी आहे. राज्याच्या सेवासिंधूवर मात्र कन्नड आणि इंग्रजी. तेथे मराठीसाठी आपण भांडूच. पण तोवर त्या बाईने काय करायचे?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मराठी वाचनालयाने एक संगणक फक्त बायकांसाठी ठेवावा. रोज दोन तास, वखारीची सुट्टी झाल्यावर. शिकवायला बाईच असावी. पडदा भिंतीकडे वळवलेला असावा. तिला तिचा स्वतःचा ई-मेल काढून द्यावा, तिच्या नावाचे सिमकार्ड घेऊन द्यावे, आधारला जोडून द्यावे. आणि कोण आली, कशासाठी आली, हे कोणाच्याही नवऱ्याला, सासऱ्याला, पुढाऱ्याला कळता कामा नये.

पैसे नाहीत म्हणू नका. गणपतीच्या मांडवाला दरवर्षी किती जमतात, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

पाटीवरच्या मराठीसाठी आपण लाठ्या खाल्ल्या. त्याच मराठीत मुसमुसणारी शेजारीण आपल्याला ऐकू येत नसेल, तर ती पाटी वाचायची कोणी?