दक्षिण बाजू कोणती?

आमच्या घरांत प्रवास ठरला कीं पहिला तंटा खिडकीचा. पूर्वीं तो जबलपुरास जाणाऱ्या छोट्या गाडींत होत असे. हल्लीं विमानांत होतो. तेव्हां विमानांत कोणत्या बाजूस बसावें, याविषयीं चार शब्द लिहितों. वडील माणसांस घेऊन प्रथमच जाणाऱ्यांस ते उपयोगी पडतील.

संस्कृतांत ‘दक्षिण’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उजवी बाजू, दुसरा ती दिशा. पूर्वेकडे तोंड करून बसलें असतां उजवा हात दक्षिणेस येतो, म्हणून असें झालें. जागेचें सारें गणित यांतच आहे. नकाशावर दोन गांवें रेघेनें जोडावीं आणि जाण्याच्या दिशेस तोंड करावें. दिल्लीहून बागडोगऱ्यास जातांना तोंड पूर्वेस, म्हणून हिमालय डावीकडे, परततांना उजवीकडे. आमच्या बिरसीच्या धावपट्टीपासून (ती महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं झाली) हैदराबादेपर्यंत रेघ ओढली, तर नागझिऱ्याचें अरण्य उजवीकडे पडतें आणि नवेगांवबांधाचा तलाव डावीकडे.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिवाळ्यांत आपल्याकडे सूर्य दक्षिणेच्या अंगानें फिरतो. म्हणून उत्तरेची खिडकी डोळ्यांस सुखाची. तिसरी गोष्ट पंखाची. मोठ्या विमानाचा पंख खिडकीखालीं असल्यानें मधल्या ओळींतून जमीन झांकली जाते. पुढील किंवा अगदीं मागील ओळ घ्यावी. ‘एटीआर’ जातीच्या लहान विमानाचा पंख वर असतो, तेथें ही अडचण नाहीं. तिकिटावर ‘ए’ अक्षर असेल तर ती डावी खिडकी, हेंही ध्यानांत असावें.

एवढें ज्ञान घेऊन गेल्या माघांत आम्हीं नागपुराहून कलकत्त्यास निघालों. बरोबर आमच्या वहिनी होत्या. वय ब्यायशी, विमानाचा हा पहिलाच प्रसंग. त्यांच्या डोळ्यांस ऊन सोसत नाहीं, म्हणून मीं मोठ्या विचारानें डावी, म्हणजे उत्तरेची खिडकी घेतली. थोड्या वेळानें त्यांनीं विचारिलें, “भाऊजी, आमचा बांध केव्हां दिसेल?”

वहिनींचें माहेर नवेगांवबांधाचें. कोहळी लोकांनीं बांधलेल्या त्या तलावाच्या कांठीं त्यांचें बाळपण गेलें. माहेरचें घर मोडूनही आतां पुष्कळ वर्षें झालीं. बांध उजवीकडे होता! उन्हाचा विचार मीं केला, पंखाचा केला. पण ‘वहिनी, तुम्हांला काय पाहावयाचें आहे?’ हें विचारण्याचें मात्र राहून गेलें. मीं खरें तें सांगितलें. त्या म्हणाल्या, “असूं द्या.” त्यांच्या त्या शब्दांनीं मला अधिकच लाजविलें.

परततांना तोंड पश्चिमेस, म्हणून बांध डावीकडे. मुद्दाम तीच खिडकी घेतली. सूर्य मावळतीस झुकला होता आणि ऊन सरळ आंत येत होतें. मी पडदा ओढणार, तोंच वहिनींनीं माझा हात धरला. खालीं दूरवर एकामागून एक तळीं चमकूं लागलीं. ज्या उन्हाला मी भीत होतों, त्यानेंच तें पाणी दिसूं लागलें होतें. वहिनींनीं एका चकाकीकडे बोट दाखवून हात जोडले. “हाच आमचा बांध.”

तो बांध तोच होता, हें मी छातीस हात लावून सांगूं शकत नाहीं. त्या मुलखांत तळीं थोडीं का आहेत? जन्मभर मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. त्या दिवशीं मात्र मी गप्प राहिलों.

म्हणून वाचकांस विनंति एवढीच, कीं नकाशा अवश्य पाहावा. परंतु त्याआधीं ज्याला खिडकी द्यावयाची, त्याला काय पाहावयाचें आहे, तें विचारावें.