अदब आणि दलील

अब्बांच्या पश्चात आमच्या घरी जमिनीच्या वाटणीची बैठक बसली. बहिणींच्या हिश्श्याचा विषय निघताच थोरले चाचा म्हणाले, "आपल्या खानदानात मुलींनी कधी जमीन घेतली नाही. दादाजान काय नासमज होते?" सगळे गप्प झाले. आम्हीही.

माणसाला असे गप्प करणाऱ्या युक्तिवादाला लॅटिन नाव आहे, 'आर्ग्युमेंटम ॲड व्हेरेकुंडियम'. 'व्हेरेकुंडिया' म्हणजे लाज, भीड. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२-१७०४) यांनी मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथात हे नाव दिले. मोठ्या माणसाचा दाखला पुढे केला की विरोध करणारा उद्धट ठरतो. म्हणून तो माघार घेतो. पण तो लाजला एवढ्याने दाखला देणाऱ्याचे म्हणणे खरे ठरत नाही.

लॉक यांनी सांगितलेला दुसरा प्रकार 'ॲड इग्नोरांशियम'. माझे म्हणणे मान्य कर, नाहीतर याहून चांगला पुरावा आण! आमच्या बैठकीत तोही आला. "बहिणींना हिस्सा हवा असेल तर दाखवा, कधी मागितला त्यांनी?" जणू न मागणे म्हणजेच हक्क सोडणे. माहेर तुटेल या भीतीने त्या बोलत नाहीत, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते?

मदरशांत मन्तिक शिकवतात, त्यात अशा फसव्या दलिलीला 'मुगालता' म्हणतात. इब्न सीना यांनी 'शिफा' या ग्रंथात या विषयाला स्वतंत्र भाग दिला आहे. 'मुगालत्यात राहू नकोस' असे आपण मुलांना सहज सांगतो. स्वतः मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

शेवटी आमची पुतणी हलक्या आवाजात म्हणाली, "दादाजान आमच्या डोक्यावर. पण सूरह निसात काय आहे, ते एकदा वाचू या ना?" तिथे मुलीचा वाटा ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. त्यासाठी तिने मागण्याची अट नाही. पूर्वज असेच करत आले, एवढ्यावर विसंबणाऱ्यांना सूरह बकरामध्ये टोकलेही आहे.

चाचांनी काही वेळाने चष्मा मागितला. वाटणी अजून व्हायची आहे, पण आता कागदावर बहिणींची नावे आहेत.

अदब आवाजात असावा, बसण्या-उठण्यात असावा. दलिलीच्या जागी मात्र तो बसवू नये. जे बोलायला आमचे वय पुरले नाही, ते त्या मुलीने अदब राखूनच विचारले.